पिकअपचा पंखा बदलला, गाडी पेटली, आणि विमा कंपनीने कलम 52 दाखवलं

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: माझ्याकडे एकच मालवाहू पिकअप आहे, मीच चालवतो, घर तिच्यावरच चालतं. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा रेडिएटरचा पंखा काढून मी एका गॅरेजमधून इलेक्ट्रिक पंखा बसवून घेतला. सात महिने काही तक्रार नव्हती. मग एकदा चढावर बॉनेटमधून धूर निघाला आणि आग लागली. वायरिंग, इंजिनचा वरचा भाग आणि केबिनची पुढची बाजू जळाली. पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा) चालू होती, तरी ‘वाहनात अनधिकृत फेरबदल, मोटार वाहन कायदा कलम 52 चा भंग, सबब दावा नामंजूर’ असं पत्र आलं. ओळखीचा एजंट म्हणतो की सहा महिने आत जाल. गॅरेजवाला थोडे पैसे देतो म्हणतो, पण ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून मागतो. आणि दोघा-तिघांनी सुचवलंय की जुना पंखा परत लावून नव्याने सर्व्हे मागा. काय करू?

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीचं उत्तर वाचण्यात अर्थ नाही. जुना पंखा लावू नका. जळालेल्या गाडीतली एक वायरसुद्धा हलवू नका. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन गेला आहे, फोटो त्याच्याकडे आहेत. विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. आज तुमची बाजू बऱ्यापैकी बळकट आहे, पण पंख्याची अदलाबदल उघड झाली की मूळ वाद बाजूला राहील आणि तुम्ही लबाडी केली एवढाच मुद्दा उरेल. असे दावे मी बुडताना पाहिले आहेत. मूळ आगीत त्या लोकांची काही चूक नव्हती.

आता कलम 52. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं हे कलम सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. कलमाच्या स्पष्टीकरणात ‘फेरबदल’ या शब्दाचा अर्थही दिला आहे: गाडीच्या रचनेत असा बदल, ज्यामुळे तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. तुमचं आरसी बुक उघडा. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, बॉडीचा प्रकार, इंधन, घनक्षमता, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचं वजन, आसनं, रंग असं सगळं त्यात सापडेल. रेडिएटरचा पंखा कशावर फिरतो, याचा रकाना त्यात नाही. पंखा बदलल्याने यातली एकही नोंद खोटी ठरलेली नाही.

कंपनीचा वकील बहुतेक सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल पुढे करेल, प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र. न्यायालयाने त्यात कलम 52 कडकपणे वाचलं आहे, हे खरं. पण तो कडकपणाही नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांच्यातल्या तफावतीबद्दलच आहे. निकाल त्यांनी दाखवला तर घाबरू नका, ‘आरसीतली कोणती नोंद बदलली?’ एवढंच विचारा. सीएनजी किट बसवलं असतं तर इंधनाची नोंद बदलली असती आणि परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय तुमची बाजू लंगडी पडली असती. इथे गाडी डिझेलवर होती आणि डिझेलवरच आहे. (मला शंका आहे की ‘इलेक्ट्रिक’ हा शब्द वाचून कोणीतरी गाडीच बॅटरीवर नेली असं समजून बसलंय. याहून विनोदी कारणांनी दावे फेटाळलेले मी पाहिलेत.)

एजंटने सांगितलेली कैद अगदीच हवेतली नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार कायद्याने किंवा नियमांनी परवानगी नसलेल्या पद्धतीने गाडीत बदल केला, बाहेरून सुटे भाग बसवणंही त्यात आलं, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण ‘परवानगी नसलेल्या पद्धतीने’ हे शब्द तिथे उगाच नाहीत. तुमच्या पंख्याने कोणता नियम मोडला, हे आरोप करणाऱ्याने दाखवायचं आहे. कितीतरी गाड्यांना कंपनीतूनच इलेक्ट्रिक पंखा येतो, तेव्हा ती वस्तू मुळातच निषिद्ध आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. शिवाय तुमच्यावर कोणी खटला भरलेला नाही. विमा कंपनीचं पत्र म्हणजे परिवहन कार्यालयाची कारवाई नव्हे.

तुमचे पैसे अडकलेत ते विम्यात, म्हणून तिथे जरा थांबतो.

समजा, वादापुरतं, पंखा बदलणं हा पॉलिसीच्या अटीचा भंग आहे. तरी दावा आपोआप मरत नाही. बी. व्ही. नागराजू प्रकरणात (1996) मालवाहू गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती, म्हणून कंपनीने हात वर केले होते. त्या जादा माणसांमुळे अपघात झालेला नाही, मग एवढ्यावरून कंपनीची पूर्ण सुटका होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. म्हणजे प्रश्न कारणाचा आहे. तुमची आग पंख्याच्या वायरिंगमधून लागली, की अल्टरनेटर, स्टार्टरची केबल किंवा गळणारा डिझेलचा पाइप यांच्यामुळे? कंपनीच्या पत्रात यावर एक अक्षर नाही. अपवादाखाली दावा नाकारायचा तर तो अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर असतं, तुमच्यावर नाही.

आणि वाईटात वाईट धरू. आग पंख्याच्या वायरमधूनच लागली. पॅकेज पॉलिसीचं पहिलं पान पाहा, संरक्षण दिलेल्या धोक्यांत आग, स्फोट, स्वयंप्रज्वलन आणि वीज पडणं हे शब्द एका ओळीत असतात. गाडी बाहेरचं काही न लागता आतूनच पेटली तरी ती आगच. कंपनीला इथे एक वेगळा अपवाद आठवू शकतो: यांत्रिक किंवा विद्युत बिघाडाची भरपाई नाही. तो अपवाद खरा आहे, त्याची धार ओळखा. चढावर पंखा बंद पडून, पाणी उकळून इंजिन जाम झालं असतं तर तो यांत्रिक बिघाड, आणि मी तुम्हाला दावा विसरा असं स्पष्ट सांगितलं असतं, मग पंखा कंपनीचा असो की गॅरेजचा. पण वायर जळाली आणि तिच्यापासून आग पसरून केबिन जळाली, यात माझ्या मते फार तर ती वायर आणि पंख्याची मोटर अपवादात जाईल, पसरलेल्या आगीचं नुकसान नाही. पंख्याची स्वतःची किंमत मात्र मागू नका. उत्पादकाच्या विक्रीकिमतीत नसलेली विद्युत उपकरणं वेगळी जाहीर करून, जादा हप्ता भरून विम्यात आणावी लागतात, ते तुम्ही केलेलं नाही. ती छोटी रक्कम सोडून द्या, बाकी मागणी स्वच्छ राहते.

कंपनीचा सगळ्यात वजनदार मुद्दा तिने मांडलेलाच नाही. गाडी चांगल्या स्थितीत राखण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी, अशी अट पॉलिसीत असते. 12 व्होल्टवर 25 अँपिअर ओढणारा पंखा म्हणजे साधारण 300 वॅटचा भार, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त. त्याला हेडलाइटची पातळ वायर जोडली, रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा वेगळा स्विच) टाळून थेट डॅशबोर्डच्या स्विचवर घेतला, बॅटरीजवळ फ्यूज दिला नाही, तर वायर तापणारच. असं निघालं तर ‘वाजवी काळजी घेतली नाही’ हा मुद्दा तुम्हाला जड जाईल. मात्र गलाडा पॉवर प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की नकाराच्या पत्रात न घेतलेला मुद्दा विमा कंपनीला पुढे वादात उकरून काढता येत नाही. तुम्हाला आलेल्या पत्रात फक्त कलम 52 आहे. म्हणून कंपनीला लिहिताना ‘आणखी काही हरकत असल्यास कळवावी’ असं सौजन्य दाखवू नका. अर्जाच्या शेवटी सवयीने असं वाक्य लिहिणारे फार.

अट मोडली असं ठरलं तरी मधला मार्ग आहे. अमलेंदू साहू प्रकरणात (2010) खासगी गाडी भाड्याने दिलेली होती, तरी दावा पूर्ण नाकारणं सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड म्हणून मान्य होण्याजोग्या रकमेच्या 75 टक्क्यांपर्यंत देण्याची पद्धत तिथे विचारात घेतली गेली. मागणी पूर्ण रकमेची करा आणि पर्यायी मागणी या आधारावर ठेवा.

पुराव्याचं काम या आठवड्यात करा. गाडी आहे तशी झाकून ठेवा आणि विद्युत कामातल्या एखाद्या अभियंत्याकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्या. त्याने पाहायचं ते असं: आग सर्वांत जास्त कुठे होती, पंख्याच्या लाइनचा फ्यूज आहे का, असल्यास उडालेला आहे की तार टाकून जोडलेला, रिले कुठे होता, वायर किती जाडीची, ती एक्झॉस्टला किंवा धारदार पत्र्याला घासत होती का. शॉर्ट झालेल्या ठिकाणी तांब्याच्या तारेवर वितळलेले मणी सापडतात. पण आग आधी लागून आवरण जळाल्यावरही शॉर्ट होतो, म्हणून मणी दिसले की लगेच ‘हेच कारण’ असं अहवालात येऊ देऊ नका, जागा आणि क्रम दोन्ही नोंदवायला सांगा. कंपनीकडून सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. तो विरुद्ध असला तरी तोच शेवटचा शब्द नसतो, सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप कुमार प्रकरणात (2009) हे स्पष्ट केलं आहे. फिटनेस प्रमाणपत्र, गॅरेजची पावती आणि पंखा बसवल्यानंतर फिटनेस झाला असेल तर त्याची तारीख, हे कागद एकत्र करा. बदल असूनही गाडी तपासणीत पास झाली असेल तर तो कागद सोन्याचा आहे.

गॅरेजवाल्याच्या पैशांचा मोह मला कळतो. गाडी बंद म्हणजे रोजचं उत्पन्न बंद. तरी ‘तक्रार नाही’ हा कागद देऊ नका. कंपनीने दाव्याची रक्कम दिल्यावर, नुकसान ज्याच्या चुकीने झालं त्याच्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क विमा कंपनीकडे जातो, त्याला सब्रोगेशन म्हणतात. तुम्ही गॅरेजला आधीच मोकळं केलंत तर ‘आमचा वसुलीचा हक्क तुम्ही बुडवला’ असं म्हणायला कंपनी मोकळी. त्याला इतकंच सांगा की प्रकरण विम्याकडे आहे. सदोष काम ही ग्राहक कायद्याखाली सेवेतली त्रुटी आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्धचा तुमचा हक्क आज न वापरताही शाबूत राहतो. त्याला तक्रारीत आत्ताच सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करावं का? मी घाई करणार नाही. ‘गॅरेजच्या वायरिंगमुळे आग लागली’ असं तुम्हीच लिहिलंत की कारणाचा मुद्दा तुम्ही कंपनीला हातात दिलात. अभियंत्याचा अहवाल आल्यावर ठरवू, आणि जोडायचाच तर ‘पर्यायी’ या शब्दाखाली.

दाद कुठे मागायची? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, मुदत एक वर्ष. तिथे वकील चालत नाही आणि खर्चही नाही, म्हणजे माझंच नुकसान करून सांगतोय. पण तुमच्या वादात अभियंत्याचा अहवाल, सर्व्हेअरचा अहवाल आणि कायद्याचा अर्थ असं तिन्ही आहे, म्हणून माझा कल जिल्हा ग्राहक आयोगाकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तिथे दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगातच तक्रार करता येते. जिल्हा आयोगाचा अधिकार आणि शुल्क तुम्ही भरलेल्या मोबदल्यावर ठरतं, म्हणजे इथे हप्त्यावर, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, ग्राहक आयोगात प्रकरण असेल तर लोकपाल ते घेत नाही. गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ‘ग्राहक’ नाही, असं कंपनी म्हणेल. उत्तर दुहेरी आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी कायद्यानेच ‘व्यापारी हेतू’तून वगळलेली आहे, आणि हरसोलिया मोटर्स प्रकरणात (2023) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नुकसान भरून निघावं म्हणून घेतलेला विमा सहसा व्यापारी हेतूचा नसतो.

पाठवायच्या पत्राचा गाभा चार ओळींचा पुरे: आपल्या पत्रात कलम 52 चा उल्लेख आहे. नोंदणी प्रमाणपत्रातली कोणती नोंद बदलली, ते नमूद नाही. त्या बदलाचा आगीशी काय संबंध, तेही नमूद नाही. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्यावी आणि दाव्याचा फेरविचार करावा. स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा.

गाडी उभी असलेल्या जागेचं भाडं चढत असेल किंवा भंगारवाला घिरट्या घालत असेल, तर गाडी हलवण्याआधी कंपनीला लेखी कळवा: अमुक दिवसांत पुन्हा तपासणी करायची असल्यास करावी, त्यानंतर गाडी हलवावी लागेल. आणि त्यानंतरही पंखा, त्याची पूर्ण वायर, रिले आणि फ्यूज पंचांसमोर काढून, फोटो घेऊन, बंद पेटीत स्वतःकडे ठेवा.