मांजर ठणठणीत, झोप मात्र उडालेली

‘मांजर दत्तक घेतलं आणि माझी झोप गेली. सारखं वाटतं, त्याला काहीतरी झालंय आणि मला कळत नाहीये. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, तरी पटत नाही. मी जरा अतीच करते आहे का?’

हा प्रश्न माझ्याकडे आता नेमाने येतो. कुत्रा पाळलेली माणसं विचारतात ती भुंकण्याबद्दल, चावण्याबद्दल. मांजर पाळलेली माणसं मात्र बहुतेक वेळा त्याच्या तब्येतीने धास्तावलेली असतात. याला कारण आहे. मांजर दुखणं लपवतं. ते स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांची शिकारही होतं, त्यामुळे अशक्तपणा दाखवायचा नाही हे त्याच्या रक्तातच असतं. म्हणून ‘उगाच काळजी करू नका’ हे उत्तर मी देत नाही. काळजी उगाच नसते, ती कुठे करायची हे ठरलेलं नसतं.

एका बाईंची गोष्ट सांगते. नाव देत नाही, ताई म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. चाळिशी ओलांडलेल्या, सहकारी बँकेत हिशेब विभागात नोकरी, घरी नवरा आणि सासूबाई. लहानपण चाळीत गेलं. तिथे मांजरं होती, पण ती चाळीची. कोणी त्यांचं नाक तपासत नसे आणि एखादं दिसेनासं झालं तर ‘गेलं असेल कुठेतरी’ म्हणून विषय संपे. आता ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच ‘आपलं’ मांजर आलं होतं. बंड्या, दोनेक वर्षांचा बोका. स्टेशनजवळच्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या एका बाईंनी त्याची नसबंदी, लसी करून, रीतसर फॉर्म भरून घेऊन दिलेला. त्याच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं पाहून ताईंनी पहिल्याच रात्री जखम समजून फोन केला होता. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या मांजराची ती खूण असते, हे तेव्हा कळलं.

पहिल्या भेटीत त्यांनी स्वतःबद्दल बोलण्याआधी टेबलावर एक लांबट रजिस्टर ठेवलं. पट्टीने आखलेले रकाने : खाल्लं (ग्रॅम), पाणी, शी, सू, शिंका, श्वास. मोबाइलमध्ये लिटर ट्रेच्या, म्हणजे मांजराच्या शी-सूच्या ट्रेच्या, फोटोंचा वेगळा फोल्डर. दोन-तीन फोटो मला बघावे लागले. नवीन अनुभव होता.

श्वासाच्या रकान्यात आकडे होते २२, २६, २४, २८. गाढ झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला साधारण ३०च्या आत असावा, हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनीच पानाच्या वरच्या बाजूला लिहून ठेवलं होतं. तरी २८भोवती लाल वर्तुळ.

‘२८ तर ठीकच आहे ना?’

‘हो, पण आदल्या दिवशीपेक्षा चारने वाढला.’

‘कसा मोजता?’

‘रात्री दोनला उठून. दिवाणाखाली टॉर्च मारून.’

टॉर्च डोळ्यांवर आला की कोणाचाही श्वास वाढेल. हे मी म्हटलं तशा त्या हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बरेच दिवस सलग झोप नव्हती. नवरा म्हणे, ‘माझा बीपी कधी विचारला नाहीस एवढ्या प्रेमाने.’ सासूबाईंचं पालुपद एकच, मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो. (केस पोटात गेल्याने दमा होत नाही. मांजराच्या लाळेतल्या प्रथिनाची काहींना अ‍ॅलर्जी असते. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि ते प्रथिन घरभर होतं. आधीच दमा असलेल्याला त्याने त्रास होऊ शकतो. सासूबाईंना दमा नव्हता.)

शंकांची यादी मोठी होती. अंग गरम लागतं. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हाताला ते कायमच कोमट लागणार. पण यावरून घरात ‘अर्धी पॅरासिटामॉल दुधात कुस्करून दे’ असा सल्ला निघाला होता. ताईंनी दिली नाही, हे नशीब. मांजराचं यकृत हे औषध निभावू शकत नाही. माणसाला किरकोळ वाटणारी मात्रा त्याचा जीव घेऊ शकते. दूधही नकोच, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि मग जुलाबाची नवी नोंद रजिस्टरमध्ये होते.

डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा दिसतो. मांजराला तिसरी पापणी असते, पेंगुळलेलं असताना ती दिसते. पूर्ण जागं असतानाही दिसत राहिली तर मात्र डॉक्टरांकडे न्यावं. शिंका येतात. यावर डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं होतं : रस्त्यावर वाढलेल्या पुष्कळ मांजरांच्या अंगात हर्पीसचा एक विषाणू मुक्कामाला असतो. तो माणसाला लागत नाही. लस घेतली तरी आधीपासून अंगात असलेला विषाणू जात नाही, आणि घर बदलणं, प्रवास, ताण यांनी तो पुन्हा डोकं वर काढतो. मांजर खात असेल, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत नसेल, डोळे चिकटत नसतील, तर त्या शिंका ओसरतात.

आता गंमत बघा. बंड्याला शिंका येतात म्हणून ताई त्याला पुन्हा पुन्हा बास्केटमध्ये कोंबून रिक्षाने दवाखान्यात नेत होत्या. तिथे कुत्री भुंकत. घरी आल्यावर दिवसातून अनेकदा जबडा उघडून हिरड्या बघत. बंड्याच्या दृष्टीने हे घर म्हणजे रात्री टॉर्च आणि दिवसा जबडा. तो दिवाणाखालून बाहेर येत नव्हता, आणि तो बाहेर येत नाही म्हणजे आजारी आहे, अशी त्याचीही नोंद होत होती.

मी त्यांना विचारलं, ‘समजा, बंड्या खरंच आजारी निघाला. सगळ्यात आधी कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो?’

बंड्याचा असं उत्तर येईल अशी माझी कल्पना. त्या म्हणाल्या, ‘ज्यांनी दिला त्यांचा. म्हणतील, चांगला धडधाकट दिला होता.’

मांजर देणाऱ्या त्या बाई रोज सकाळी मेसेज करायच्या, ‘कसा आहे माझा बंड्या? फोटो टाका.’ प्रेमानेच. पण ‘माझा’ हा शब्द ताईंना रोज टोचायचा. रजिस्टर त्यासाठी होतं. कोणी विचारलं तर हा बघा पुरावा, मी हलगर्जी केली नाही. शिवाय बँकेची सवय. दिवसअखेर दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत तिथे कोणी उठत नाही. जिवंत शरीराचा हिशेब असा रोज संध्याकाळी जुळत नाही. आज पन्नास ग्रॅम, उद्या पस्तीस, परवा साठ, हेच त्याचं जुळणं.

मी पशुवैद्य नाही. म्हणून एक काम त्यांच्याकडे दिलं : पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘हा बरा आहे ना?’ असं विचारायचं नाही. ‘कशासाठी रात्री दोनलाही धावत यायचं, आणि कशासाठी सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल?’ एवढंच विचारून लिहून आणायचं. ‘बरा आहे’ या उत्तराचा दिलासा रिक्षा घरी पोचेपर्यंत टिकतो. या यादीचा तसा नाही.

त्यांनी आणलेला कागद अजून आठवतो, डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला दोन रकाने. ‘लगेच’ खाली पहिलंच अधोरेखित : बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, जोर करतो, लघवी होत नाही. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. आणि लोक त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देत बसतात. मग तोंड उघडं टाकून धापा. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या. मागचे पाय अचानक लुळे. सारख्या उलट्या. दोरा गिळला किंवा गोळी खाल्ली अशी शंका, मग पुढे काही दिसो वा न दिसो. पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर त्याच दिवशी फोन. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड्या मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते.

‘सकाळी’ खाली : एखादी उलटी, त्यात केसांचा गोळा असला तरी. एकदा पातळ शी, पण खेळतोय. खाणंपिणं चालू आणि चार शिंका. नव्या घरात लपून बसणं, रात्री सगळे झोपल्यावर खाणं.

कागद फ्रिजवर लागला. रजिस्टर बंद करा म्हटलं असतं तर त्या दुसऱ्या दिवसापासून यायच्या थांबल्या असत्या, म्हणून ते लहान केलं. रोज दोनच नोंदी, खाल्लं का आणि सू झाली का. आठवड्यातून एकदा वजन : बंड्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, वजाबाकी करायची. श्वास आठवड्यातून एकदा, टॉर्चशिवाय. रात्री शंका आली तर मोबाइलवर शोधायचं नाही, कागद बघायचा. ‘लगेच’मध्ये नसेल तर शंका वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहानंतर पंधरा मिनिटं त्या सगळ्या शंकांना द्यायची.

‘आणि नेमकं त्याच रात्री काही झालं तर?’

याची हमी कोणी देऊ शकत नाही, डॉक्टरही नाही, हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. ‘हे कोणीच सांगत नाही,’ म्हणाल्या. ‘सगळे म्हणतात, काही होणार नाही.’

बोलता बोलता दुसरंच निघालं. जंतू नकोत म्हणून त्या दिवसातून दोनदा फिनेलने लादी पुसत होत्या. मांजर त्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या शरीराला नीट बाहेर टाकता येत नाहीत, पॅरासिटामॉलसारखंच. आणि चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नव्हती. ‘तो तिकडे जातच नाही.’ अजून जात नव्हता, कारण दिवाणाखाली होता. मांजर उंचावरून पडून सुखरूप राहतं हा समज फार जणांना महागात पडलाय. फिनेल त्याच दिवशी बंद झालं, जाळी त्या रविवारी बसली. माझ्या मते त्या सगळ्या आठवड्यांत बंड्याच्या तब्येतीसाठी झालेलं सर्वांत मोठं काम हेच, आणि त्याला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता.

मांजर देणाऱ्या बाईंशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. आम्ही वाक्य जुळवून पाहिलं, ताईंनी ते तीनदा खोडलं. शेवटी पाठवलं ते असं : ‘ताई, रोज फोटो द्यायचा म्हटलं की मला परीक्षेसारखं वाटतं. दर रविवारी पाठवीन. अडलं तर तुम्हालाच फोन करणार आहे.’ उत्तर आलं, ‘अगो, मला वाटलं तुलाच बरं वाटत असेल मी विचारते म्हणून!’ मांजरं दत्तक देणाऱ्यांनी चौकशी जरूर करावी, त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. पण नवख्या माणसाला ‘तो पहिला आठवडा लपलेलाच असेल, घाबरू नका’ एवढं आधीच सांगितलं तर निम्मी धास्ती तिथेच संपते.

हिरड्या तपासणं थांबल्यावर ताई संध्याकाळी लादीवर बसून पेपर वाचू लागल्या, बंड्याकडे न बघता. तो पेपरवरच येऊन बसला, नेमका वाचत होत्या त्या बातमीवर.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा मेसेज आला, सोबत फोटो. हळदीकुंकवाची रिकामी डबी आणि तळाशी तांदळाच्या कण्यांसारखे दोन दाणे. बंड्याच्या शेपटीखाली आणि चादरीवर सापडलेले. ‘एक हलत होता मॅडम. कागद बघितला, त्यात नव्हतं. पण जेवला होता, खेळत होता, म्हणून ‘सकाळी’त धरलं. झोपले. सकाळी डबी घेऊन गेले.’ डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं, पट्टकृमी. अंग चाटताना पिसू गिळली गेली की होतात. कृमीची गोळी, आणि पिसवांसाठी मानेवर टाकायचं औषध, तेही मांजराचंच, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं. गोळी देताना बंड्याला टॉवेलमध्ये गुंडाळून धरलं सासूबाईंनी. ‘तुला जमत नाही, सर,’ असं म्हणून.

श्वास त्या अजूनही अधूनमधून मोजतात, मला माहीत आहे. चालतं.

मी त्यांना सुरुवातीलाच विचारलं होतं, गॅस, कुलूप, हातपाय धुणं, याची अशीच तपासणी आधी कधी होती का? नव्हती. बाकीचा दिवस, नोकरी, जेवण ठीक चाललं होतं. म्हणून हे एवढ्यावर भागलं. तुमचं तपासणं मांजर येण्याच्या आधीपासूनचं असेल, डॉक्टरांनी यादी देऊनही थांबता येत नसेल, कामावर जाणं अवघड झालं असेल किंवा झोप महिनाभर नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. यावर चांगले उपचार आहेत आणि त्यासाठी मांजर परत देण्याची गरज नसते. कुठे जावं हे कळत नसेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास आणि मराठीतून.