पेठेचा हिरो पुढं कुठं जातो?

प्रश्न : माझा भाचा १७ वर्षांचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला त्याच्या नावाचा गजर होतो. मग अशी पोरं पुढं टिकत का नाहीत?

उत्तर : ताई, मीही त्याच मैदानावर खेळलो. १९व्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. हळद-चुना लावला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पंधरवड्यात पुन्हा उतरलो, कारण समोर पेठेची मॅच होती. तिथंच संपलं. एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य लिगामेंटच्या, ऑपरेशननंतर साधारण ९ महिने थांबावं लागतं. आपल्याकडं ते थांबणं भित्रेपणा वाटतं. आपला अनिकेत जाधव २०१७चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, पण त्यासाठी पोरवयात घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला. भाच्याचा गुडघा सुजत असेल तर आधी एमआरआय करा. पेठेचं फुटबॉल मंडळ रागावलं तरी मॅच सोडू दे त्याला.