आमदार आणि लवाद, दोन्ही?

प्रश्न: वडोदऱ्यात एलएल.बी. करतोय. आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद (कोर्टाबाहेर वाद सोडवणारा पंच) व्हायचंय, पुढे आमदारकीही लढवायचीय. दोन्ही जमेल?

उत्तर: जमेल. खासदार-आमदारांना वकिलीची बंदी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. खरी अडचण निःपक्षपातीपणाची. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम १२ नुसार पक्षकारांशी असलेले संबंध नेमणुकीआधीच लेखी कळवावे लागतात. लपवलंत, तर कळल्यापासून १५ दिवसांत पक्षकार हरकत घेऊ शकतो. राज्य सरकार पक्षकार असेल तर सत्ताधारी आमदाराने नेमणूक नाकारलेलीच बरी.

आत्ता करार वाचायला शिका. वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्याच्या निर्यात करारात लवाद प्रक्रियेचं कायदेशीर स्थान सिंगापूर असेल, तर लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायला तिथल्याच न्यायालयात जावं लागतं. सुनावणी वडोदऱ्यात झाली तरीही.