ईम्सची शेल खुर्ची रिसायकल प्लास्टिकची घेतली तर ऑफिसात टिकेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिससाठी ईम्सची शेल खुर्ची, म्हणजे बैठक आणि पाठ एकाच वळणदार कवचाची खुर्ची, घ्यायची आहे. जुनी फायबरग्लासची मिळते आहे आणि नवी रिसायकल प्लास्टिकचीही. पण रिसायकल म्हणजे तकलादू, हे खरं का?

ही समजूत मांडवातल्या स्वस्त काळ्या खुर्च्यांवरून आली आहे, आणि तिथे ती बऱ्याचदा खरी ठरते. सरमिसळ भंगाराचा दाणा (वितळवून साच्यात ओतायचे प्लास्टिकचे कण), वर खडूची भुकटी, आणि सगळा भार प्लास्टिकच्याच पायांवर. पाय फाकले की वळणाशी तडा जातो. ईम्सच्या खुर्चीत प्लास्टिक फक्त बैठकीच्या कवचाला असतं. ऑफिसच्या मॉडेलचा चाकांचा बेस धातूचा असतो.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने 1948 साली स्पर्धेत हे कवच मांडलं ते दाबलेल्या पत्र्याचं होतं. 1950 मध्ये ते फायबरग्लासमध्ये आलं, पुढे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये. माल बदलत गेला तरी आकार टिकला, कारण ताकद त्या दुहेरी वळणात आहे. म्हणून रिसायकल दाण्यासाठी ही खुर्ची मला फार योग्य वाटते.

मात्र रिसायकल माल एकाच जातीचा नसतो. ही खुर्ची दोन कंपन्या बनवतात, हर्मन मिलर आणि विट्रा. हर्मन मिलर कारखान्यांतला टाकाऊ माल वापरते. तो बहुधा स्वच्छ आणि एकाच प्रकारचा असतो. विट्रा 2024 पासून जर्मनीत पिवळ्या पिशवीत गोळा होणारा घरगुती पॅकिंगचा कचरा वापरते, आणि हे काम जास्त अवघड आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये पॉलिथिलीन हे दुसरं प्लास्टिक राहून गेलं तर दोन्ही एकजीव होत नाहीत, तिथे कच्ची जागा राहते. शिवाय दर वेळी वितळवताना प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. दाणा साच्यात पातळ वाहतो, पण वस्तू ठिसूळ होते. त्यावर उपाय म्हणजे दर लॉटचा मेल्ट फ्लो (वितळल्यावर किती पातळ वाहतो ते) मोजणं आणि साखळ्या तुटणं रोखणारं स्टॅबिलायझर घालणं. विट्राच्या कवचावर बारीक ठिपके दिसतील. ते कचऱ्यातूनच आलेले आहेत, तो दोष नाही.

खुर्ची बिघडते ती कवच आणि बेसच्या जोडाशी. फायबरग्लासच्या कवचाला खालून चार रबरी शॉक माउंट, म्हणजे बेस जोडायच्या गाद्या, चिकटवलेले असतात. रबर वर्षांनी कडक होतं, चिकटा सुटतो आणि कवच एका कोपऱ्यात उचललं जातं. दुरुस्ती होते: जुना चिकटा खरवडा, 80 नंबरचा पॉलिश पेपर मारा (मास्क लावून, काचेची धूळ उडते), ॲसिटोनने पुसा, नवे माउंट दोन भागांच्या इपॉक्सीने लावा आणि 24 तास दाबून ठेवा. चारही माउंट आधी बेसवर सैल कसून मगच चिकटवा, नाहीतर भोकं जुळत नाहीत.

पॉलिप्रॉपिलीनवर इपॉक्सी धरत नाही. म्हणून स्क्रूचे उंचवटे कवचासोबतच ओतलेले असतात. ते हाताच्या पान्यानेच कसा. ड्रिल मशीन लावलं तर आटे जातात, आणि मग टिकाऊ इलाज नाही.

घेताना खुर्ची उलटी करा. स्क्रूभोवती पांढुरकी रेघ दिसली तर तिथे ताण बसला आहे, ती घेऊ नका. मग सरळ करून बसा आणि पाठ मागे रेटा. कवच लवचीकपणे वाकून परत यायला हवं, कट्-कट् आवाज येता कामा नये. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे, घासणीने ओरखडे पडतात. खिडकीतलं थेट ऊन वर्षानुवर्षं लागत राहिलं तर पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग खडूसारखा होतो, तेव्हा जागा तेवढी पाहून ठरवा.

जुनं फायबरग्लास स्वस्तात मिळालं तर कडेवरून बोट फिरवून बघा. तंतू टोचले तर वरचा थर झिजला आहे, कपड्यांना आणि कातडीला त्रास होईल. शिवाय ते कवच पुन्हा वितळत नाही. पॉलिप्रॉपिलीनचं मात्र बेस सोडवून, भरडून पुन्हा दाण्यात जाऊ शकतं. रोज आठ तास बसणार असाल तर मी नवीच घ्या म्हणेन, वर सीट पॅड टाकून.