सेनेगलमध्ये गोळ्या देऊनही मुलांना शिस्टोसोमायसिस (पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतांचा आजार) परत परत का होतो, टिकाऊ उपाय आहे का?

उपाय आहे, नदीकाठच्या जिथे लोक पाण्यात उतरतात त्या जागेवरचं पाणगवत काढून टाकायचं. प्राझिक्वांटेलची गोळी अंगातले जंत मारते पण परत लागण थांबवत नाही, कारण जंताची पिल्लं पाण्यातल्या गोगलगायींमधून बाहेर पडतात आणि मूल पाण्यात उतरलं की थेट कातडीतून शिरतात, आणि या गोगलगायी राहतात त्या गवतात, जे शेतातलं खत वाहून आल्यामुळे अजूनच माजतं. हे मी 2023 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या पेपरवरून सांगतोय, अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचे जेसन रोर, सेनेगलचे संशोधक आणि गावकरी यांनी मिळून 16 गावांत 3 वर्षं हे करून बघितलं, त्यातल्या 8 गावांत गवत काढलं, 8 गावांत नाही. जिथे गवत काढलं नाही तिथे मुलांमध्ये या आजाराच्या आतड्याच्या प्रकाराची लागण 1.46 पट निघाली. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काढलेलं गवत वाया जात नाही, त्याचा जनावरांना चारा होतो आणि कांदा-मिरचीला कंपोस्ट, म्हणजे गावाला ते काढण्यात स्वतःचा फायदा दिसतो. फक्त गवत परत उगवतं त्यामुळे एकदा काढून भागत नाही, आणि हा आकडा आतड्याच्या प्रकाराचा आहे, लघवीतून रक्त जाणाऱ्या प्रकाराला तो लावू नका, गोळ्याही चालूच ठेवायच्या.