टेक्सासला येतोयस आणि बंदूक घ्यायची म्हणतोस, तर आधी हे वाच

वयाने मोठा आहे म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. तुझा प्रश्न मला समजला तो असा, की एल-वन व्हिसावर (कंपनीच्या बदलीवरचा) डॅलसला येतोयस, डॅलसजवळच्या फ्रिस्कोला भाड्याने घर बघतोयस, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर, महिन्यातला एक आठवडा तू फिरतीवर, आणि टेक्सासमध्ये घरटी गन असते असं कुणीतरी सांगितलंय तर घराच्या सेफ्टीसाठी शॉटगन घ्यावी की पिस्तूल. मी केटीला राहतो, ह्यूस्टनच्या बाजूला, येऊन अठरा वर्षं झाली, माझ्याकडे एक पिस्तूल आहे, तेव्हा अगदीच ऐकीव सांगत नाहीये.

पहिलं उत्तर ऐकून तू वैतागशील. तुला दोन्हीपैकी काहीच घेता येणार नाही. एल-वन, एच-वन, एच-फोर, एफ-वन हे सगळे नॉनइमिग्रंट व्हिसे, म्हणजे कायम राहायचे नाहीत असे, आणि अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा साधी गोळीसुद्धा जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्यातला गुन्हा आहे. टेक्सासचा कायदा कितीही ढिला असू दे, 2021 पासून इथे परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं वगैरे सगळं खरं, पण वरती फेडरल कायदा बसलाय आणि तो तुला लागू आहे. 2022 पासून याची शिक्षा 15 वर्षांपर्यंत गेलीये. बंदुकीच्या गुन्ह्यात डिपोर्ट करायची तरतूद आहे ती वेगळीच. दुकानात फॉर्म 4473 भरावा लागतो, त्यात व्हिसाचं सरळ विचारतात, तिथे खोटं लिहिलं तर तो आणखी एक गुन्हा. आणि 'माझा सिटिझन मित्र त्याच्या नावावर घेऊन देईल' असलं डोक्यातही आणू नकोस, त्यात दोघंही अडकता.

इथे लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. ऑफिसचं टीम आउटिंग शूटिंग रेंजवर जातं, सगळे भाड्याने पिस्तूल घेतात, फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकतात. नॉनइमिग्रंट व्हिसावर तेही चालत नाही, कारण कायद्यात विकत घेणं नाही, 'जवळ असणं' हा शब्द आहे. मी स्वतः एच-वनवर असताना एकदा असाच गेलो होतो, काउंटरवरच्या म्हाताऱ्याने लायसन्स बघितलं, व्हिसा विचारला आणि हसत म्हणाला की तू बाहेर बसून कॉफी पी. तेव्हा अपमान वाटला होता, आता वाटतं त्याने वाचवलं.

याला पळवाट आहे, ती म्हणजे हंटिंग लायसन्स. कुठल्याही राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर नॉनइमिग्रंटला बंदूक घेता येते, आणि हे कायद्यातच लिहिलंय. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो, तो सोपाय. बरेच देसी लोक हे करतात, एकही ससा न मारता. पण बघ, इथलं ते लायसन्स 31 ऑगस्टला संपतं, तू फिरतीवर असलास आणि रिन्यू करायचं राहिलं की 1 सप्टेंबरला सकाळी कपाटातल्या बंदुकीमुळे तू गुन्हेगार. त्यात बायको एल-टूवर, म्हणजे तुझ्या एल-वनला जोडलेल्या व्हिसावर, तिच्या नावावर वेगळं लायसन्स नसेल आणि तू गावाला गेलास तर घरातली बंदूक कुणाच्या ताब्यात आहे म्हणायची? ग्रीन कार्डाची रांग आपल्या लोकांसाठी किती लांब आहे तुला माहितीये, तेवढी वर्षं दर ऑगस्टला हे टेन्शन घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी नाही घेतलं, ग्रीन कार्ड आल्यावरच घेतली.

आता भीतीचं. ती अगदीच खोटी नाही. 2011 ते 2014 मध्ये आशियाई आणि भारतीय घरं हेरून, घरात माणसं असताना घुसून दरोडे घालणारी एक टोळी होती, जॉर्जियापासून मिशिगन, टेक्सासपर्यंत, पुढे खटला चालून शिक्षा झाल्या. कारण एकच, आपल्याकडे सोनं असतं हे आता त्यांनाही कळलंय. म्हणजे पहिला इलाज बंदूक नाही, सोनं बँकेच्या लॉकरमध्ये आणि नवरात्रात भोंडल्याला नेसलेल्या साडीचे दागिन्यांसकट फोटो पब्लिक ठेवायचे नाहीत.

दुसरा इलाज दार. इथली घरं बघून तुला धक्का बसेल, खिडक्यांना गज नाहीत, पुढचं दार म्हणजे लाकडी चौकटीत लाकडी दार, आणि कडी जिथे चौकटीत घुसते त्या पट्टीचे स्क्रू जेमतेम पाऊण इंची. एक सणसणीत लाथ बसली की चौकट फाटते, कुलूप शाबूत राहतं. ते स्क्रू काढून तिथे तीन इंची घालायचे, म्हणजे ते चौकट सोडून आतल्या मुख्य लाकडात जातात. पाच-सहा डॉलर आणि वीस मिनिटं. घरमालकाला विचारून कर. मागच्या स्लायडिंग दाराच्या खाचेत मापात कापलेली झाडूची काठी टाक. दार उघडलं की टुंग वाजणारा अलार्म घे. एवढं केलंस तर निम्म्याहून जास्त काम झालं असं माझं मत आहे.

तरी पुढेमागे ग्रीन कार्ड आल्यावर विचारशीलच, म्हणून मूळ प्रश्नाचंही सांगतो. पंप शॉटगनचं, म्हणजे नळीखालचा दांडा मागेपुढे ओढून काडतूस भरायची ती, मॉसबर्ग 500, रेमिंग्टन 870 वगैरे, इथे फार कौतुक आहे. खटॅक आवाज केला की चोर पळतो म्हणतात, मी त्या आवाजावर पोरीचा जीव लावणार नाही. 12 गेजचा धक्का असा बसतो की पहिल्यांदा मारल्यावर माझा खांदा दोन दिवस दुखत होता. तुझी बायको नाजूक असेल तर 20 गेज, म्हणजे त्याहून बारीक नळीची बघा, पण दोन्ही हात त्यातच गुंततात, 911 ला, म्हणजे पोलिसांना फोन कोण करणार, पोरीला कोण उचलणार, आणि घाबरलेला माणूस पंप अर्धवट ओढतो आणि ती अडकते. एआर-15 रायफलला धक्का कमी, नेम सोपा, पण बंद खोलीत आवाज कानठळ्या बसवणारा (तसा सगळ्याच बंदुकांचा असतो, 160 डेसिबलच्या आसपास) आणि भाड्याच्या घरात सहा वर्षांच्या पोरीसोबत मला तरी ती नको. रिव्हॉल्व्हर सोपं, सहसा बिघडत नाही, पण चाप जड आणि पाच-सहाच गोळ्या. मी शेवटी 9 एमएमचं ग्लॉक 19 पिस्तूल घेतलं, साधारण 500-600 डॉलर. एक हात मोकळा राहतो, छोट्या तिजोरीत मावतं. तोटा असा की पिस्तुलाने नेम धरणं सगळ्यात अवघड, सराव सोडला की तीन महिन्यांत हात विसरतो. म्हणून घेण्याआधी रेंजवर चार-पाच प्रकार भाड्याने मारून बघायचे आणि बायकोच्या हातात जे बसेल ते घ्यायचं, तुझ्या नाही, कारण तू फिरतीवर असणार.

आणि भिंती. आतल्या भिंती म्हणजे अर्ध्या इंचाचे जिप्समचे दोन पत्रे आणि मधे पोकळी. चुकलेली गोळी या खोलीतून त्या खोलीत, तिथून तिसऱ्या खोलीत जाते. पुण्याच्या विटेच्या भिंती डोक्यातून काढून टाक. मुलगी कुठल्या खोलीत झोपते ते आधी बघायचं, मग आपण कुठे उभं राहायचं ते.

ठेवायचं कुठे यावर मी सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय. आमच्या राजापूरकडे आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, डुकरं-माकडं हाकलायला. निवडणूक आली की ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे. घरी बंदूक माळ्यावर, दारू आणि छर्रे देवघराशेजारच्या कपाटात, किल्ली जानव्याला. आम्हा नातवंडांना बंदूक माहीत होती, पण तिन्ही गोष्टी एकत्र कधी दिसल्या नाहीत. इथे लोक उशीखाली ठेवतात. टेक्सासमध्ये 17 खालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर मोठ्यांवर केस होते, पण केस ही नंतरची गोष्ट झाली. आकड्यांची बटणं असलेली तिजोरी पलंगाशेजारी स्क्रूने ठोकून घ्यायची, बंदुकीच्या आधी ती विकत घ्यायची. आणि अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, तेव्हा घरात कुणाचं मन ठीक नसेल तर ती घरात नकोच, यावर मी वाद घालत नाही.

माझा किस्सा. चार वर्षांपूर्वी आईबाबा आले होते, जेट लॅग. तिसऱ्या रात्री साडेतीनला अलार्म टुंग वाजला, मागचं दार उघडलं गेलं. मी तिजोरी उघडली, पिस्तूल घेतलं, जिन्यात आलो, खाली अंधारात स्वयंपाकघरात एक माणूस पाठमोरा आणि हातात काहीतरी चकाकतंय. तोंडातून मराठीतच निघालं, "कोण आहे?" तर बाबा म्हणाले, "अरे मी, तुळशीला पाणी घालून आलो, आधण ठेवतोय." हातात सांडशी होती. पिस्तूल मी पायजम्यामागे लपवलं आणि वर येऊन बाथरूममध्ये बसलो, हात थांबेचनात. तेव्हापासून नियम असा, की आईबाबा असले की गोळ्या वेगळ्या कुलपात, एरवीही आधी टॉर्च, मग हाक, आणि खाली जायचंच नाही, पोरीच्या खोलीत जमून दार लावायचं आणि 911. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तू विचारलंयस निघायच्या आधी पुण्यात काही शिकता येईल का. येईल, बालेवाडीला शूटिंग रेंज आहे, 10 मीटर एअर पिस्तूलचे क्लास मिळतील, नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या 2024 च्या ऑलिंपिक ब्राँझपासून गर्दी असेल तर आत्ताच चौकशी कर. दोघंही जा. श्वास, नेम आणि चापावरून बोट लांब ठेवायची सवय तिथेच लागते. तीन इंची स्क्रू मात्र पुण्याहून आणू नकोस, इथे मिळतात.