रिलीज पॅकेजिंगचा ताप: आधी फॉरमॅट कमी करा

तुमच्या प्रोग्रॅमच्या डेब, आरपीएम, अॅपइमेज, डीएमजी, एमएसआय आणि झिप अशा सहा प्रकारच्या इन्स्टॉल करायच्या फाइली तुम्ही दोघंच हाताने बनवता आणि दर रिलीजला अख्खा शनिवार-रविवार जातो असं तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय, वाचून खरंच वाईट वाटलं कारण आम्हीही बरीच वर्षं हेच केलंय. माझं स्पष्ट मत, स्क्रिप्ट सुधारत बसण्याआधी फॉरमॅट कमी करा. डेब-आरपीएम हे डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांच्या) पॅकेजर मंडळींवर सोडा, त्यांना फक्त स्वच्छ सोर्स टारबॉल (सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल) आणि डिपेंडन्सींची, म्हणजे लागणाऱ्या इतर लायब्ररींची, नीट यादी हवी असते. तुम्ही प्रत्येक प्लॅटफॉर्मला एकच द्या: लिनक्सला अॅपइमेज, मॅकला डीएमजी, विंडोजला एमएसआय.

आता लिनक्सचं, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथेच जातं. आम्ही सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) उबुंटू २२.०४ वर बिल्ड करायचो, आमच्या सगळ्यांच्या मशीनवर मस्त चालायचं, आणि रिलीज झाली की २०.०४ वाल्यांच्या तक्रारी सुरू, 'जीलिबसी २.३४ सापडत नाही'. जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला लागते. २२.०४ मध्ये ती २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१, आणि जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं पण उलटं नाही. अॅपइमेज केलं म्हणून यातून सुटका नाही, त्यात जीलिबसी सहसा घालत नाहीत. म्हणून जितकी जुनी डिस्ट्रो सपोर्ट करायची तिच्याच कंटेनरमध्ये (त्या डिस्ट्रोचं वेगळं बंदिस्त वातावरण) बिल्ड करा, आणि बिल्ड झाल्यावर 'objdump -T' ही कमांड (मोठा T) मारून सगळ्यात वरचं जीलिबसी व्हर्जन कुठलं लागतंय ते बघा, ठरवलेल्यापेक्षा वर गेलं तर बिल्ड तिथेच फेल करा.

मॅकवर साइनिंग (अॅपवर डिजिटल सही) आणि नोटरायझेशन (अॅपलकडून तपासणी) टाळू नका, मॅकओएस १०.१५ पासून त्याशिवाय गेटकीपर ही मॅकची सुरक्षा यंत्रणा डाउनलोड केलेलं अॅप अडवते आणि लोकांना वाटतं फाइलच खराब आहे. इंटेल आणि एआरएम (दोन प्रकारचे प्रोसेसर) वेगळे बिल्ड करून लायपो या अॅपलच्या टूलने जोडले की डीएमजी एकच. विंडोजचं फार काही नाही, सर्टिफिकेट असेल तर साइन करा आणि टाइमस्टॅम्प लावायला विसरू नका, नाहीतर सर्टिफिकेटची मुदत संपली की जुन्या इन्स्टॉलरची सहीसुद्धा अवैध ठरते.

हे सगळं गिट टॅग (कोडवर लावलेली रिलीजची खूण) पुश केल्यावर आपोआप व्हायला पाहिजे, व्हर्जन नंबरही टॅगमधूनच घ्या, चार फाइलींत हाताने बदलायचा म्हटलं की एक राहतोच. आणि हो, सीआयच्या एका जॉबमधून (टप्प्यातून) दुसऱ्यात फाइल नेण्याआधी टारने बांधा, नुसती झिप झाली की बऱ्याचदा एक्झिक्युटेबल बिट (फाइल चालवण्याची परवानगी) उडतो, आमचा एक पूर्ण दिवस त्यात गेलाय.

सुरुवात लिनक्सच्या कंटेनरपासून करा, सध्याची बिल्ड स्क्रिप्ट इथे टाकलीत तर मी बघून सांगतो.